अपयशाच्या वाटेवरची गळती : लिनक्स कर्नलमधील मेमरी लीकची पार्श्वभूमी

साधा प्रोग्राम संपला की त्याने घेतलेली मेमरी ऑपरेटिंग सिस्टीम परत मिळवते. कर्नलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याने, स्वतःसाठी घेतलेली मेमरी मात्र सोडायची राहिली, तर मशीन पुन्हा सुरू होईपर्यंत ती अडकून पडते; हीच मेमरी लीक, म्हणजे मेमरीची गळती. लिनक्स कर्नल 1991 पासून मुख्यतः सी भाषेत लिहिला गेला आणि या भाषेत घेतलेले परत करण्याची जबाबदारी सर्वस्वी लिहिणाऱ्यावर असते. समजा, हार्डवेअर चालवणाऱ्या एखाद्या ड्रायव्हरने आधी एक स्ट्रक्चर (माहितीचा संच) आणि मग बफर (तात्पुरत्या साठवणीची जागा) घेतला, पण इंटरप्टची (हार्डवेअरकडून येणाऱ्या इशाऱ्याची) नोंदणी फसली. तिथूनच फंक्शन एरर कोड देऊन परतले, तर आधीच्या दोन्ही वस्तू कोणाच्याही हाती उरत नाहीत. ही वाट रोजच्या वापरात क्वचितच चालली जात असल्याने असे दोष वर्षानुवर्षे दडून राहतात.

यावर कर्नलमध्ये रूढ झालेला उपाय म्हणजे फंक्शनच्या शेवटी उलट्या क्रमाने लावलेली लेबले, म्हणजे सफाईच्या पायऱ्यांच्या खुणा, आणि थेट त्यांच्याकडे उडी मारायला लावणारी ‘गोटू’ ही आज्ञा. या आज्ञेची एरवी कितीही निंदा होत असली, तरी इथे तिचा वापर योग्यच होता, असे माझे मत आहे. अडचण पुढे येते : मध्ये एखादी नवी पायरी घातली जाते आणि तिच्या खालच्या उड्या जुन्याच लेबलाकडे जात राहतात, त्यामुळे नव्या पायरीत घेतलेले सुटतच नाही.

2007 मध्ये दोन महत्त्वाच्या गोष्टी आल्या. 2.6.20 आवृत्तीतील फॉल्ट इंजेक्शनमुळे मेमरीची मागणी मुद्दाम नाकारून या वाटा तपासता येऊ लागल्या, तर 2.6.21 मधील ‘डेव्हरेस’ने संसाधने थेट डिव्हाइसशी बांधली, त्यामुळे प्रोब (ड्रायव्हरने डिव्हाइस ताब्यात घेण्याची पायरी) फसला की ती आपोआप सुटू लागली. 2009 मध्ये 2.6.31 सोबत आलेले ‘केमेमलीक’ मेमरी धुंडाळून, ज्यांच्याकडे एकही पॉइंटर (मेमरीचा पत्ता ठेवणारा चल) उरलेला नाही असे तुकडे दाखवते.

तरीही दुरुस्ती दिसते तितकी सोपी नसते. ‘केऑब्जेक्ट’ (कर्नलमधील वस्तूंची नोंद ठेवणारी रचना) सुरू करून जोडणारे फंक्शन अपयशी ठरले, तर ती वस्तू थेट ‘केफ्री’ या मेमरी सोडणाऱ्या फंक्शनने सोडणे चूक आहे, कारण तिच्या नावासाठी घेतलेली मेमरी मागे राहते, तिथे संदर्भगणना (वस्तू किती ठिकाणी वापरात आहे याची मोजणी) कमी करणारे ‘पुट’च वापरावे लागते. उलट एक ‘पुट’ जास्त झाला, तर वापरात असलेली मेमरी सोडली जाते आणि हा दोष गळतीपेक्षा कितीतरी घातक असतो. म्हणूनच अशा दोन ओळींच्या पॅचची (कोडमधील दुरुस्तीची) छाननीही बारकाईने व्हायला हवी.

2023 मधील 6.5 आवृत्तीपासून कंपायलरच्या ‘क्लीनअप’ सुविधेवर आधारलेली साधने कर्नलमध्ये आली. त्यांच्यामुळे चल (व्हेरिएबल) आपल्या व्याप्तीबाहेर, म्हणजे ज्या भागात तो वापरता येतो त्याबाहेर, जाताच मेमरी आपोआप सुटते. पॉइंटर यशस्वीपणे पुढे सोपवायचा असेल, तर आता तसे स्पष्ट लिहावे लागते. मात्र एकाच फंक्शनमध्ये ‘गोटू’ची जुनी रीत आणि ही नवी साधने यांची सरमिसळ करू नये, असे कर्नलचे दस्तऐवज बजावतात.