व्हॉल्व्ह अ‍ॅम्प, कॅबिनेट आणि ओहमचे गणित

गिटारच्या, निर्वात नळ्यांवर म्हणजे व्हॉल्व्हवर चालणाऱ्या अनेक अ‍ॅम्पच्या मागे ४, ८ आणि १६ ओहम अशा खुणांचा एक खटका असतो. तो कॅबिनेटवरच्या, म्हणजे स्पीकरच्या पेटीवरच्या, आकड्याशी जुळवायचा, हे वादकाला ठाऊक असते. पण आकडे न जुळल्यास ताण नेमका कोणावर येतो हे कळले, तरच कोणती चूक खपते आणि कोणती महागात पडते याचा अंदाज येतो.

व्हॉल्व्ह साधारण ४०० ते ५०० व्होल्टवर चालतात आणि त्यांतून वाहणारा प्रवाह मिलिअँपिअरमध्ये मोजावा लागतो. स्पीकरला मात्र थोडे व्होल्ट आणि काही अँपिअर हवे असतात. हा मेळ आउटपुट ट्रान्सफॉर्मर घालतो. त्याच्या प्रायमरीचे (व्हॉल्व्हकडच्या गुंडाळीचे) फेरे सेकंडरीच्या (स्पीकरकडच्या गुंडाळीच्या) ३० पट असतील, तर व्हॉल्व्हला जाणवणारा इम्पीडन्स (बदलत्या प्रवाहाला होणारा, ओहममध्ये मोजायचा विरोध) ३० पट नव्हे, तर ३० च्या वर्गाइतका, म्हणजे ९०० पट होतो. ८ ओहमचे कॅबिनेट जोडले की व्हॉल्व्हपुढे ७,२०० ओहमचा भार उभा राहतो, आणि ६व्ही६ या प्रकारच्या व्हॉल्व्हच्या जोडीला साधारण एवढाच भार मानवतो. त्याच जागी ४ ओहमचे कॅबिनेट लावले तर भार ३,६०० वर येतो आणि १६ ओहमचे लावले तर १४,४०० वर जातो. खटका फिरवल्यावर सेकंडरीचे कमी-अधिक फेरे वापरात येतात आणि व्हॉल्व्हपुढचा भार होता तेवढाच राहतो.

भाराचे ओहम कमी पडले की व्हॉल्व्हमधून प्रवाह जास्त वाहतो, ते अधिक तापतात आणि लवकर झिजतात. भाराचे ओहम जास्त झाले की व्हॉल्व्हमधल्या प्लेटवरचा व्होल्टेजचा झोका वाढतो, त्यातल्याच स्क्रीन ग्रिड नावाच्या जाळीवर ताण येतो आणि ट्रान्सफॉर्मरच्या इन्सुलेशनची कसोटी लागते. दुप्पट किंवा निम्म्याचा फरक बरेच अ‍ॅम्प सोसतात, तरी तो रोजचा करू नये.

मुळात छापलेला आकडाही नाममात्रच असतो. ८ ओहमच्या स्पीकरला मल्टिमीटर लावला तर सहा-सात ओहमच दिसतात, कारण मीटर फक्त व्हॉइस कॉइलच्या, म्हणजे स्पीकरमधल्या गुंडाळीच्या, तारेचा रोध मोजतो. वाजताना हाच स्पीकर आपल्या अनुनादाजवळ (ज्या कंपनाला तो आपोआप जास्त हलतो त्याजवळ), म्हणजे गिटारच्या सर्वांत जाड तारेच्या ८२ हर्ट्झच्या आसपास, कित्येक पट इम्पीडन्स दाखवतो, आणि वरच्या स्वरांकडेही तो पुन्हा चढत जातो. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पच्या आवाजाला जी ऊब आणि धार असते, तिचा मोठा वाटा माझ्या मते या चढउतारात आहे.

सारख्याच आकड्याची दोन कॅबिनेट समांतर जोडली की आकडा निम्मा होतो. म्हणून १६ ओहमच्या दोन कॅबिनेटसाठी खटका ८ वर ठेवावा.

खरा धोका स्पीकरच न जोडता अ‍ॅम्प वाजवण्यात आहे. ट्रान्सफॉर्मरमधल्या चुंबकीय क्षेत्रातील ऊर्जेला बाहेर पडायला वाट उरत नाही, प्रायमरीवर व्होल्टेज पुरवठ्याच्या काही पट उसळते आणि व्हॉल्व्हच्या सॉकेटवर ठिणगी पडते किंवा ट्रान्सफॉर्मरच जळतो. गिटारची बारीक तारेची केबल स्पीकरला वापरू नये ती याचसाठी, कारण ती मध्येच तुटली तर परिणाम हाच होतो. फेंडरच्या अनेक अ‍ॅम्पमध्ये मुख्य स्पीकर जॅकमधून प्लग काढला की आतली पट्टी आउटपुट शॉर्ट करते. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पला शॉर्ट घातक ठरतो. व्हॉल्व्ह अ‍ॅम्प मात्र उघड्या आउटपुटपेक्षा तो थोडा वेळ सहज सोसतो.