पापणीमागचा पडदा

मूल सकाळी उठतं तेव्हा एक डोळा टम्म सुजून मिटलेला असतो. पापणी लालबुंद, हात लावला की गरम. अशी दोन मुलं शेजारी बसवली तर बाहेरून दोघांत फरक दिसणार नाही. तरी एकाला गोळ्या-औषधांवर घरी पाठवता येतं आणि दुसऱ्याला त्याच दिवशी भरती करून शिरेतून अँटिबायोटिक सुरू करावं लागतं.

हा फरक ठरतो एका पातळ पडद्यावरून. डोळ्याच्या खोबणीच्या हाडाळ कडेपासून निघून तो पापणीत उतरतो; नाव ऑर्बिटल सेप्टम. किडा चावला, खरचटलं, रांजणवाडी चिघळली, तर संसर्ग बहुधा या पडद्याच्या पुढेच अडतो. मागे गेला तर गाठ पडते डोळा फिरवणाऱ्या स्नायूंशी आणि दृष्टीच्या नसेशी.

गंमत अशी, की मागचा संसर्ग बहुतेक वेळा हा पडदा फोडून येतच नाही. तो येतो नाकाकडच्या बाजूने. नाकाच्या मुळाशी असलेली सायनस (हाडातली हवेची पोकळी) आणि डोळ्याची खोबण यांच्यामध्ये जे हाड आहे, त्याचं लॅटिन नाव लॅमिना पॅपिरेशिया, म्हणजे कागदी पापुद्रा. नाव अगदी चपखल आहे. सर्दी होते, सायनस पुवाने भरते आणि जंतू या पापुद्र्यातल्या फटींतून किंवा शिरांवाटे पलीकडे जातात. कधी हाड आणि त्यावरचं आवरण यांच्यामध्ये पू साठून गळू होतं.

आता जागेचा हिशोब पाहा. मोठ्या माणसाची खोबण साधारण 30 मिलिलिटरची, त्यात डोळा सुमारे 7 मिलिलिटरचा. चारही बाजूंनी हाड, मोकळी बाजू फक्त समोरची. आत सूज आली की डोळा पुढे ढकलला जातो, मागची नस ताणली जाते, तिचा रक्तपुरवठा आवळला जातो. हे फार काळ चाललं तर गेलेली नजर परत येत नाही.

म्हणून डॉक्टर सुजलेली पापणी उचलून आत पाहतात. मूल रडतं, पण त्याला इलाज नाही. डोळा सगळीकडे फिरतो का, फिरवताना दुखतो का, एकाचे दोन दिसतात का, बुबुळ बाहेर आल्यासारखं वाटतं का? पेनाचं लाल टोपण आधी चांगल्या डोळ्यासमोर धरतात, मग दुखऱ्या. दुसऱ्या वेळी लाल रंग फिका, विटका दिसला तर नसेवर ताण आल्याची ती खूण. शंका आली तर सीटी स्कॅन.

याहून भीती मेंदूची. डोळ्यामागच्या शिरा कवटीच्या तळाशी असलेल्या कॅव्हर्नस सायनस या रक्ताच्या पोकळीत रिकाम्या होतात, आणि त्यांतलं रक्त दोन्ही दिशांनी वाहू शकतं. नाकाशेजारची किंवा वरच्या ओठावरची पुळी फोडू नये म्हणतात ते यासाठीच. तिथल्या शिरा याच जाळ्याला जोडलेल्या आहेत. या पोकळीत संसर्गाची गुठळी झाली की ताप चढतो, डोकं फुटायला येतं, डोळा जागच्या जागी थिजतो. मग दुसरा डोळाही सुजू लागतो, कारण दोन्ही बाजूंच्या पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या असतात. अँटिबायोटिक येण्यापूर्वी यातून क्वचितच कुणी वाचत असे.

साखर आटोक्यात नसलेल्या मधुमेह्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यात म्युकर ही बुरशी सायनसमधून डोळ्यात शिरू शकते. ती रक्तवाहिन्याच बंद करते. मांस मरून काळं पडतं आणि तिथपर्यंत औषधही पोचत नाही. मेलेला भाग शस्त्रक्रियेने काढावाच लागतो. सुरुवातीला सूज बेताचीच असते आणि गाल बधिर झालेला असतो, म्हणून फसायला होतं.

जंतूंच्या गळवाचं मात्र तसं नाही. लहान मुलातलं छोटं गळू पुष्कळदा नुसत्या औषधांनी विरतं, चिरावं लागत नाही. अट एवढीच, की दर काही तासांनी पापणी उचलायची, बाहुलीवर टॉर्च मारायचा आणि तेच लाल टोपण पुन्हा समोर धरायचं.