पहिलं माप आणि सगळ्यात कमी माप

"गाठ ते कमीच शे ना, मग आजार वाढला असं कसं लिहिलं?" जळगावात स्कॅन सेंटरवर मी रिपोर्ट टाइप करते. हा प्रश्न ऐकला नाही असा आठवडा जात नाही.

परवा चोपड्याच्या एक ताई आल्या. भावाला मेलानोमा, म्हणजे त्वचेचा कॅन्सर, तोही फुप्फुसापर्यंत पोचलेला. बीआरएएफ (BRAF) जनुकात बदल सापडल्यामुळे डॅब्राफेनिब आणि ट्रामेटिनिब या गोळ्या सुरू होत्या. गोळ्यांचं त्यांना सगळं पाठ होतं, ताप आला तर काय करायचं तेही. अडलं होतं ते आकड्यांवर. गाठींच्या मापांची बेरीज सुरुवातीला 84 मिलिमीटर होती, आता 55. "एवढी कमी झाली, मग वाढली कुठे?"

पिशवीत रिपोर्ट दोनच होते, पहिला आणि शेवटचा. मधला घरी राहिला होता. त्यांच्या भाच्याने मोबाइलवर फोटो पाठवला. त्यात बेरीज होती 41.

सगळा घोळ इथे आहे. मोजण्याचा नियम 2009 पासूनचा आहे, त्याला रेसिस्ट 1.1 म्हणतात. औषधाने गुण आला का, हे पहिल्या मापाशी ताडून पाहतात. 30 टक्के किंवा जास्त घट हवी. 84 वरून 41 म्हणजे निम्म्याहून कमी, उत्तम गुण. पण आजार वाढला का, हे पहिल्या मापाशी ताडतच नाहीत. ते ताडतात आतापर्यंतच्या सगळ्यात कमी मापाशी. त्याच्यावर 20 टक्के वाढ आणि किमान 5 मिलिमीटर, दोन्ही भरलं की आजार वाढला. 41 वरून 55 म्हणजे 14 मिलिमीटर, 34 टक्के. नवी गाठ दिसली तर बेरीज कितीही कमी असो, वाढ धरतात.

हे अन्यायाचं वाटतं, पण कपाशीवाल्याला लगेच पटतं. फवारणीने बोंडअळी आटोक्यात आली आणि पुन्हा डोमकळ्या, म्हणजे अळी लागून न उमललेली फुलं, दिसायला लागल्या, तर "फवारणीआधीपेक्षा कमीच आहेत" म्हणून कोणी स्वस्थ बसत नाही. आता आलेली अळी औषधाला दाद न देणारी असू शकते. गाठीतही तसंच: गोळीने मेल्या त्या पेशी गेल्या, तिला न जुमानणाऱ्या वाढताहेत. या जोडगोळीवर निम्म्या रुग्णांत आजार साधारण 11 महिन्यांत पुन्हा वाढीला लागतो. पाच वर्षांनीही 19 टक्के रुग्णांत तो वाढलेला नव्हता, हेही तितकंच खरं.

सीटी आणि पेट या दोन स्कॅनमधला फरक सोपा आहे: सीटी गाठीचं माप देतो, पेट ती किती साखर ओढते ते दाखवतो. मात्र एका वेळचा सीटी आणि दुसऱ्या वेळचा पेट शेजारी ठेवून "कमी-जास्त" ठरवणं मला अजिबात मान्य नाही. शक्यतो तेच सेंटर, तीच पद्धत.

आणि मधले रिपोर्ट कृपा करून टाकू नका. सगळ्यात कमी आकडा बहुतेक वेळा त्यांच्यातच असतो. ताईंना मी सांगितलं, तिन्ही रिपोर्ट आणि तिन्ही सीडी मुंबईला घेऊन जा. गोळी चालू ठेवायची, बदलायची की इम्युनोथेरपीकडे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणाऱ्या उपचाराकडे, वळायचं, हे डॉक्टर त्या तिन्हींवरून ठरवतील. त्यांनी 41 चा आकडा पेनाने हाताच्या तळव्यावर लिहून घेतला.