कुष्ठरोगाचं रजिस्टर आटलं कसं: थोडी पार्श्वभूमी

दरवर्षी ३० जानेवारी जवळ आली की कुष्ठरोगाच्या बातम्या येतात आणि त्यात दोन वाक्यं हमखास शेजारी शेजारी असतात, एक म्हणजे देशातून २००५ मध्येच निर्मूलन झालंय आणि दुसरं म्हणजे तरी नवीन रुग्ण सापडताहेत. वाचणारा गोंधळतो, आणि बरोबरच आहे. पण दोन्ही वाक्यं खरी आहेत. ती एकाच वेळी खरी कशी, हे कळायला फार मागे जायची गरज नाही, १९८१ पर्यंत गेलं तरी पुरतं.

त्याआधीचं थोडक्यात. जुन्या गोव्यात सोळाव्या शतकात सान लाझारोच्या नावाचं महारोग्यांचं इस्पितळ होतं. ब्रिटिश हद्दीत १८९८ चा कायदा आला, त्यात भीक मागत फिरणाऱ्या रुग्णाला वॉरंटशिवाय पकडून कोंडता यायचं. गोवा पोर्तुगीजांकडे असल्यामुळे तो कायदा आपल्याकडे नव्हता, पण म्हणून इथे लोकांची नजर काही वेगळी होती असं समजू नका, १९३० च्या दशकात सासष्टीत मकाजणला जे वेगळं इस्पितळ काढलं ते उभं करणारा माणूस सूक्ष्मजीवशास्त्रातला जाणकार होता तरी रुग्ण गावापासून लांबच ठेवला गेला. आणि लांब ठेवून देणार काय, तर कडू कवठाचं तेल. आपण ज्याला खष्ट म्हणतो ते झाड, ओहोळाच्या काठाला असतं, टणक तपकिरी फळ, आत बिया गच्च. त्याचं तेल पोटात घेतलं तर मळमळ आणि उलट्या, टोचून घेतलं तर दुखणं आणि गळवं. शंभर टक्के निरुपयोगी होतं असं नाही पण बरा झाला असं छातीठोक सांगता यायचं नाही.

१९४० च्या दशकात सल्फोन गटातली औषधं आली, मग डॅप्सोनची गोळी. स्वस्त, पण वर्षानुवर्षं घ्यायची, कित्येकांना तर जन्मभर. १९६४ ला मलायाकडे डॅप्सोनला न जुमानणारा जंतू उंदराच्या पायाच्या तळव्यात वाढवून दाखवला गेला. तळवा का, तर हा जंतू प्रयोगशाळेतल्या डिशमध्ये आजपर्यंत कुणाला वाढवता आलेला नाही, त्यात वाढतो इतका सावकाश की एकाचे दोन व्हायला दोन आठवडे जातात. २००१ मध्ये त्याचा जीनोम वाचला तेव्हा त्याच्या जनुकांपैकी जवळजवळ निम्मी मोडकी निघाली, त्यामुळे अंगाबाहेर त्याचं भागत नाही. कुष्ठरोगावरचं संशोधन टीबीच्या मानाने रखडलं त्याचं मोठं कारण हे, पैसा हे दुसरं.

तर १९८१. जिनिव्हाच्या, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या, तज्ज्ञांनी एक औषध बंद, तीन एकत्र द्या असं सांगितलं, म्हणजे आपण ज्याला एमडीटी म्हणतो ते. रिफॅम्पिसिन, क्लोफाझिमिन, डॅप्सोन. जंतू जास्त असलेल्यांना, म्हणजे एमबी वाल्यांना, किमान दोन वर्षं आणि शक्य असेल तर कानाच्या पाळीवरून घेतलेला स्मिअर, म्हणजे काचेवर पसरून जंतू बघायचा नमुना, निगेटिव्ह येईपर्यंत. जंतू कमी असलेल्या पीबी वाल्यांना दोनच औषधं, सहा महिने. हे औषध चांगलं आहे यात वाद नाही, ज्यांचे हात वाकडे व्हायचे होते ते झाले नाहीत अशी माणसं लाखांनी आहेत. १९९५ पासून ते जगभर फुकट मिळायला लागलं.

वाद पुढे आहे. १९९१ ला जागतिक पातळीवर ठरलं की २००० पर्यंत कुष्ठरोगाचं सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून निर्मूलन करायचं आणि निर्मूलन म्हणजे दहा हजार लोकांमागे एकापेक्षा कमी रुग्ण. इथे रुग्ण म्हणजे कोण? ज्याचं नाव रजिस्टरवर आहे आणि गोळ्या चालू आहेत तो. गोळ्या संपल्या, आरएफटी म्हणजे उपचारातून मोकळा झाला, की नाव कटलं, मग त्याची बोटं झडलेली असोत, डोळा मिटत नसो, तो मोजणीत नाही. आता गंमत बघा. समजा एखाद्या तालुक्यात दरवर्षी शंभर नवीन एमबी रुग्ण सापडतात. उपचार चोवीस महिन्यांचा असेल तर कुठल्याही दिवशी रजिस्टरवर दोनशे नावं. उपचार बारा महिन्यांचा केला तर शंभर. रोग तेवढाच, पसरतोय तेवढाच, आणि आकडा निम्मा.

आणि नेमकं हेच झालं. स्मिअर निगेटिव्ह होईपर्यंत ही अट आधी गेली, १९९४ च्या सुमारास सरसकट चोवीस महिने ठरले, आणि १९९८ मध्ये त्याचे बारा झाले. त्याच वेळी स्मिअर नाही केला तरी चालेल, चट्टे मोजा, पाचपर्यंत पीबी आणि त्यापुढे एमबी, असंही आलं. एकच चट्टा असेल तर वेगळ्याच तीन औषधांचा एक डोस आणि सुट्टी, हा प्रकारही काही वर्षं चालला आणि नंतर बंद केला.

बारा महिन्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं हे मान्य करायला पाहिजे. दोन वर्षं दर महिन्याला केंद्रावर येणं रोजंदारीच्या माणसाला जमत नाही, अर्धे मधेच सोडतात, आणि बऱ्याच ठिकाणी रोग उलटण्याचं प्रमाण कमीच दिसत होतं. पण चोवीस विरुद्ध बारा अशी चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडलेली चाचणी करून हा निर्णय झाला नव्हता, तो आधीच्या अनुभवावरून आणि कमिटीत बसून झाला. ज्यांच्या स्मिअरमध्ये जंतू खच्चून भरलेले असतात त्यांच्यात रोग उलटायचा धोका जास्त हे माहीत होतं, आणि नेमका स्मिअरच ऐच्छिक केल्यावर ते ओळखणार कसे? हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला, विचारणाऱ्यांना अडथळे आणणारे ठरवण्यात आलं. माझं मत सांगायचं तर कालावधी कमी करणं चूक होतंच असं नाही, पण ज्या वेळी लक्ष्याची तारीख दोन वर्षांवर आलेली असते त्याच वेळी लक्ष्याचा आकडा आपोआप निम्मा करणारा निर्णय घेतला तर लोक शंका घेणारच.

भारतात ८० च्या दशकाच्या सुरुवातीला दहा हजारांमागे ५७ च्या आसपास असलेला आकडा डिसेंबर २००५ ला एकाखाली आला. पण नवीन रुग्णांचे आकडे बघा, २००३-०४ ला साडेतीन लाखाच्या वर, २००५-०६ ला एक लाख साठ हजारांच्या आसपास. ज्या रोगाला लागण झाल्यापासून चट्टा दिसायला सरासरी पाच वर्षं आणि कधी कधी वीस वर्षं लागतात तो दोन वर्षांत निम्म्याहून खाली येत नसतो. खाली आलं ते शोधणं. घरोघरी जाऊन तपासणं थांबलं, नोंद करायच्या आधी पुन्हा खात्री करा असे निरोप गेले. त्याआधी कुठलाही पांढरा डाग कुष्ठरोग म्हणून खपवायचे प्रकारही होते, म्हणजे काही घट खरीच साफसफाईची होती. मग पुढची दहा वर्षं आकडा सव्वा लाखाच्या आसपास अडकून राहिला.

निर्मूलनाच्या मागे लागल्यावर जे व्हायचं तेच झालं. फक्त कुष्ठरोगाचं काम करणारा स्टाफ सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळला. बधिर चट्टा कापसाच्या टोकाने कसा तपासायचा, कोपराच्या मागची नस जाड झालीय का हे बोटांनी कसं चाचपायचं, हे ज्यांच्या हाताला माहीत होतं ते रिटायर झाले. गोव्यासारख्या लहान राज्यात तर नवीन डॉक्टरला अशी नस बघायला मिळणंच मुश्कील. इथे एक वाक्य फार ऐकू येतं, "आमच्याकडे केसेस आहेत त्या बाहेरून कामाला येणाऱ्यांच्या". असतीलही. पण पाच ते वीस वर्षांचा हिशोब असलेल्या रोगात लागण नेमकी कुठे झाली हे कोण सांगणार? आणि या वाक्याने बांधकामावरचा माणूस चट्टा दाखवायला येतो की लपवतो, ते तुम्हीच ठरवा.

टीबीशी तुलना केली की फरक कळतो. १९५६ ला मद्रासमध्ये रुग्णांचे दोन गट केले, एक सॅनेटोरियममध्ये चांगलं खाणंपिणं आणि आराम, दुसरा आपल्याच झोपडीत, औषधं तीच. १९५९ ला निकाल आला, जवळपास सारखाच, आणि घरच्यांना जास्त लागणही झाली नाही. जगभरची सॅनेटोरियमं त्यानंतर ओस पडत गेली. निर्णय पुराव्यावर उभा होता म्हणून टिकला. उलटा निकाल आला तरी तो दाबला नाही याचंही उदाहरण तमिळनाडूतलंच, १९६८ ला चिंगलपट्टूत सुरू झालेल्या बीसीजी या टीबीच्या लसीच्या प्रचंड चाचणीत मोठ्या माणसांच्या फुप्फुसाच्या टीबीपासून काहीच संरक्षण दिसलं नाही. माती-पाण्यातल्या टीबीच्या भाऊबंद जंतूंशी लोकांचा आधीच संबंध आलेला असतो म्हणून लस फिकी पडली असावी, असं एक स्पष्टीकरण आहे, त्यावर अजून वाद आहे. लहान बाळांना टीबीच्या मेंदूज्वरापासून ती वाचवते म्हणून आजही देतात. पण टीबीतही पुढे रोग संपवायच्या तारखा आल्याच, जगाने २०३० म्हटलं तर आपण २०२५, आणि ते साल आलं नि गेलं.

दोन्ही रोगांना जोडणारं एक औषध म्हणजे क्लोफाझिमिन. १९५० च्या दशकात डब्लिनला टीबीसाठी बनवलं, टीबीत त्याचा उपयोग दिसला नाही म्हणून बाजूला पडलं, मग कुष्ठरोगात चाललं, आणि आता औषधांना न जुमानणाऱ्या टीबीत परत आलंय. त्याचा एक त्रास पाकिटावर ठळक लिहिलेला नसतो. कातडी काळपट लालसर होते, चट्टे तर जास्तच गडद दिसतात, औषध बंद केल्यावर महिनोन्महिने तो रंग जात नाही. गावात "काय रे उन्हात फिरतोस काय" पासून सुरुवात होते आणि मग लोक ओळखतात. पीबी वाल्यांच्या पाकिटात ते नव्हतं म्हणून निदान त्यांचं गुपित राहायचं. एप्रिल २०२५ पासून भारतात पीबीलाही तीन औषधं सहा महिने असं ठरलंय, वैद्यकीय बाजू समजण्यासारखी आहे, पण पहिलं पाकीट हातात देतानाच रंगाबद्दल सांगितलं नाही तर दुसरं न्यायला येणारे कमी होतील आणि रजिस्टर पुन्हा एकदा भलत्याच कारणाने आटेल.