फ्लॅगस्टाफ हाउस चहापात्र संग्रहालय, हाँगकाँग

चहाच्या भांड्यांना वाहिलेले संग्रहालय. हाँगकाँग बेटावर, हाँगकाँग पार्कच्या आवारात आहे. प्रवेश विनामूल्य. ज्या पांढऱ्या, खांबांच्या व्हरांड्याच्या इमारतीत ते आहे ती 1846 मध्ये बांधून झाली. ब्रिटिश फौजेचे हाँगकाँगमधील सेनापती 1978 पर्यंत तेथे राहत. 1984 मध्ये वास्तू संग्रहालय म्हणून उघडली. भोवताली काचेचे उंच मनोरे असल्याने हा दुमजली बंगला चुकून मागे राहून गेल्यासारखा दिसतो.

संग्रहाचा गाभा ही लो क्वी-सेओंग (1910–1995) यांची देणगी. 1940 साली ‘व्हिटासॉय’ हे सोयाबीनच्या दुधाचे पेय बाजारात आणून त्यांनी पैसा मिळवला आणि चहादाण्या जमवल्या. शेजारच्या दालनाला त्यांचे नाव आहे. ते 1995 मध्ये सुरू झाले आणि तेथे मातीच्या जुन्या भांड्यांबरोबर कोरीव शिक्केही मांडले आहेत.

येथील वस्तू कालक्रमाने पाहाव्यात, कारण चिनी लोक चहा कसा पीत यावर भांड्याचा आकार ठरत गेला. थांग घराण्याच्या काळात (618–907) चहाच्या दाबलेल्या वड्या कुटून ती पूड पाण्यात उकळत. चहादाणीची गरजच नव्हती. सुंग घराण्याच्या काळात (960–1279) बारीक पूड वाडग्यात टाकून वरून गरम पाणी ओतत आणि घुसळून फेस काढत. फेस कोणाचा जास्त टिकतो याच्या पैजा लागत. पांढरा फेस उठून दिसावा म्हणून फूच्येन प्रांतातील काळ्या झिलईचे वाडगे लोकप्रिय झाले. मिंग घराण्याच्या पहिल्या सम्राटाने 1391 मध्ये वड्यांच्या रूपातील चहाचा नजराणा बंद केला. सुटी पाने मुरवून पिण्याची रीत रुळली आणि चहादाणीला महत्त्व आले. आपल्या टपरीवरची किटली आणि ही चहादाणी एक नव्हे. चहादाणी चुलीवर चढत नाही, तिच्यात पाने नुसती मुरतात. कित्येक तर मुठीत मावतील एवढ्याच असतात.

संग्रहालयाची खरी श्रीमंती म्हणजे यीशिंगच्या चहादाण्या. जिआंगसू प्रांतात, थाय सरोवराच्या पश्चिमेस हे गाव आहे. तेथील लोहयुक्त मातीला ‘झिशा’, म्हणजे जांभळी वाळू, म्हणतात. प्रत्यक्षात ती तपकिरी, तांबडी आणि पिवळसरही असते. मराठीत अशा साऱ्या भांड्यांना सरसकट ‘चिनी माती’ म्हणण्याची सवय आहे, पण या चहादाण्यांना झिलई नसते. त्या सुमारे 1,100 ते 1,200 अंश सेल्सिअसला भाजतात. अंगाला सूक्ष्म छिद्रे राहतात, त्यांत चहाचा अंश मुरतो. म्हणून शौकीन एका चहादाणीत एकाच जातीचा चहा करतात आणि ती साबणाने धूत नाहीत. अशा मुरलेल्या चहादाणीत नुसते गरम पाणी ओतले तरी चहा होतो, असे सांगतात. ते कौतुकापुरतेच धरावे.

घडणही पाहण्याजोगी आहे. येथे चाकाचे काम नाही. लाकडी हातोड्याने माती ठोकून तिचे पातळ पत्रे करतात, पट्टी गोल वळवून जोडतात आणि थापीने थापटत पोट फुगवतात. थापी आपल्या कुंभारालाही ठाऊक आहे, मात्र तो आधी चाकावर घाट काढून घेतो. तोटी, कान व झाकण मागाहून येतात; झाकण किती नेमके बसते यावर कारागिराची पारख होते. तळाशी त्याचा शिक्का असतो. मातीच्या भांड्यावर कारागिराचे नाव असावे, ही गोष्ट सामान्य नव्हे. परंपरा या कलेचा आरंभ सोळाव्या शतकातील गोंग छुन या नोकराशी जोडते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी चेन मानशेंग या विद्वान अधिकाऱ्याने आकार आखले आणि चहादाण्यांवर वचने कोरवली. विसाव्या शतकातील नामवंत कारागीर गू जिंगझोऊ (1915–1996). लो यांनी केवळ जुने नमुने विकत घेतले नाहीत, तर यीशिंगच्या हयात कारागिरांकडून नवेही घडवून घेतले.