कोको, कच्चा

न भाजलेल्या कोकोबिया आणि त्यांच्यापासून केलेले तुकडे (निब्ज), लगदा व पूड यांना व्यवहारात कच्चा कोको म्हणतात. या संज्ञेची सर्वमान्य कायदेशीर व्याख्या नाही. बिया थिओब्रोमा कॅकाओ या सदापर्णी वृक्षाच्या असून हे शास्त्रीय नाव लिनीअस यांनी १७५३ मध्ये दिले. पूर्वी मुचकुंद कुलात (स्टर्क्युलिएसी) गणला जाणारा हा वृक्ष आता भेंडी कुलात (माल्व्हेसी) समाविष्ट केला जातो. फुले व फळे थेट खोडावर आणि जाड फांद्यांवर येतात. एका फळात साधारणपणे २० ते ५० बिया असून त्यांभोवती पांढरा, आंबटगोड गर असतो. सुक्या बीमध्ये निम्म्याच्या आसपास मेद (कोको बटर) असतो.

मूळस्थान : कोकोचा वापर प्रथम मध्य अमेरिकेत सुरू झाला, असे मत दीर्घकाळ रूढ होते. मेक्सिकोचा दक्षिण भाग व ग्वातेमाला येथील प्राचीन संस्कृतींचे पुरावे त्यासाठी दिले जात. होंडुरासमधील प्वेर्तो एस्कोंदिदो येथे सापडलेल्या, बहुधा इ.स.पू. सुमारे ११०० च्या भांड्यांतही थिओब्रोमीन या कोकोतील कडू, उत्तेजक द्रव्याचे अवशेष मिळाले आहेत. तेथे सुरुवातीला बियांपेक्षा गर आंबवून केलेले मद्य पीत असावेत, असे उत्खननकर्त्यांनी सुचविले आहे. २०१८ मध्ये एक्वादोरच्या आग्नेय भागातील सांता आना-ला फ्लोरिदा या स्थळावरील संशोधन प्रसिद्ध झाले आणि हा काळ बराच मागे गेला. मायो-चिंचिपे संस्कृतीच्या भांड्यांवर कोकोचे पिष्टकण, थिओब्रोमीन आणि प्राचीन डीएनए असे तिन्ही प्रकारचे अवशेष मिळाले. त्यांतील सर्वांत जुने सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचे आहेत. थिओब्रोमीन इतर काही वनस्पतींतही आढळत असल्याने एकट्या त्याच्या आधारे निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते. येथे तीन स्वतंत्र पुरावे एकाच दिशेने जातात, म्हणून ॲमेझॉनच्या वरच्या खोऱ्यातील उगमाचे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र क्रिओलो वाणाच्या जनुकसंचाचा अभ्यास त्या वाणाची निवड मध्य अमेरिकेत सुमारे ३,६०० वर्षांपूर्वी झाल्याचे सुचवितो. वापर दक्षिणेत सुरू झाला आणि विशिष्ट वाण उत्तरेत घडला, असे मानल्यास दोन्ही मतांचा मेळ बसतो.

प्रक्रिया आणि ‘कच्चेपणा’ : बाजारातील बहुतेक कच्चा कोको ताज्या बीचा नसतो. फळ फोडून गरासह बिया लाकडी पेट्यांत किंवा केळीच्या पानांखाली ढीग करून आंबवतात. क्रिओलोला दोन-तीन दिवस पुरतात, इतर वाणांना पाच ते सात दिवस लागतात. यीस्ट व नंतर जीवाणू गरातील साखरेचे मद्यार्क आणि ॲसेटिक अम्ल करतात. ढीग ४५° ते ५०° से.पर्यंत तापतो, बीतील अंकुर मरतो आणि आतला जांभळा रंग तपकिरी होत जातो. चॉकलेटच्या चवीची पूर्वद्रव्ये याच टप्प्यावर तयार होतात. पुढे आर्द्रता सुमारे ७ टक्क्यांवर येईपर्यंत बिया उन्हात वाळवतात. कच्च्या आहाराचे पुरस्कर्ते तापमानाची जी मर्यादा सांगतात, ती अनेकदा या ढिगातच गाठली जाते. ‘कच्चा’ या शब्दाने प्रत्यक्षात एवढेच सांगितले जाते, की एरवी १२०° ते १५०° से.ला होणारी भाजणी झालेली नाही.

आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाची मानली जाणारी द्रव्ये म्हणजे पॉलिफिनॉल या वनस्पतिजन्य द्रव्यांच्या वर्गातील फ्लॅव्हनॉले, विशेषतः एपिकॅटेचिन. भाजणीने ती घटतात हे खरे, पण मोठी घट त्याआधी आंबवताना झालेली असते. दुसरी मोठी घट अल्कली प्रक्रियेत होते. डच उत्पादक व्हान हाउटेन यांच्या कारखान्यातून १८२८ मध्ये बीतील मेद दाबून काढण्याचे यंत्र पुढे आले. त्यानंतर पूड पाण्यात नीट मिसळावी व आंबटपणा जावा म्हणून तिच्यावर अल्कलीची प्रक्रिया होऊ लागली. २००८ मधील एका तौलनिक विश्लेषणात साध्या पुडीत दर ग्रॅमला सरासरी ३४.६ मिग्रॅ. फ्लॅव्हनॉले आढळली, तर सर्वाधिक अल्कली दिलेल्या पुडीत केवळ ३.९ मिग्रॅ. साधी पूड भाजलेल्या बियांचीही असू शकते. म्हणून पाकीट घेताना ‘कच्चा’ या शब्दापेक्षा ‘अल्कली प्रक्रिया नाही’ हा उल्लेख शोधणे अधिक उपयोगाचे आहे.

आरोग्यविषयक गुण : पनामाच्या सान ब्लास बेटांवरील कुना (गुना) लोकांमध्ये वय वाढले तरी रक्तदाब फारसा वाढत नाही आणि शहरात स्थलांतरित झालेल्यांत तो वाढतो, या निरीक्षणातून १९९० च्या दशकात हा विषय पुढे आला. त्याचे श्रेय त्यांच्या कोकोपानाला देण्यात आले. हे लोक खरोखर किती आणि कोणता कोको पितात, याबद्दल मानववंशशास्त्रज्ञ जेम्स हाउ यांनी नंतर शंका उपस्थित केली. तिचे समाधानकारक निरसन झालेले दिसत नाही. नियंत्रित प्रयोगांचा आधार याहून भक्कम आहे. वैद्यकीय प्रयोगांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात ३५ प्रयोगांच्या आधारे रक्तदाबात सरासरी सुमारे १.८ मिमी. (पारा) इतकी घट नोंदवली आहे. ही घट अल्प आहे. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१२ मध्ये रोज २०० मिग्रॅ. कोको-फ्लॅव्हनॉलांनी रक्तवाहिन्यांची लवचिकता टिकण्यास मदत होते, हा दावा मान्य केला. वरील विश्लेषणाचे आकडे धरल्यास एवढ्यासाठी साधी पूड ६ ग्रॅम, म्हणजे साधारण एक मोठा चमचा पुरते, तर तीव्र अल्कली दिलेली पूड ५० ग्रॅमच्या वर लागेल. अमेरिकेत २१,४४२ वयस्कांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉसमॉस चाचणीत रोज ५०० मिग्रॅ. फ्लॅव्हनॉलांचा अर्क दिला गेला. एकूण हृदयविकारी घटनांतील घट संख्याशास्त्रीयदृष्ट्या निर्णायक ठरली नाही, हृदयविकाराने होणारे मृत्यू मात्र कमी आढळले. ही चाचणी अर्काच्या गोळ्यांची होती, घरगुती कोकोची नव्हे. बिनसाखरेच्या १०० ग्रॅम पुडीत सुमारे ५०० मिग्रॅ. मॅग्नेशियम व ३३ ग्रॅम तंतू असतात. लोहही भरपूर असते, परंतु पॉलिफिनॉलांमुळे ते अंगी कमी लागते.

दक्षता : भाजणीत साल्मोनेलासारखे जीवाणू मरतात. कच्च्या कोकोत ही पायरी गाळलेली असते आणि कोरड्या, स्निग्ध पदार्थांत हे जीवाणू उष्णतेला चिवटपणे तोंड देतात. त्यामुळे घरी पूड जराशी गरम केल्याने सुरक्षिततेची हमी मिळत नाही. गर्भवती, लहान मुले व दुर्बल रुग्ण यांना भाजलेल्या बियांची साधी पूड देणे बरे. लॅटिन अमेरिकेच्या काही भागांत जमिनीतील कॅडमियम हा विषारी धातू बीमध्ये उतरतो. युरोपीय संघात २०१९ पासून ग्राहकांना विकल्या जाणाऱ्या कोकोपुडीसाठी किलोमागे ०.६० मिग्रॅ. ही मर्यादा लागू आहे. कोकोत ऑक्झलेट असल्याने मूतखड्याची प्रवृत्ती असणाऱ्यांनी तो बेताने घ्यावा. थिओब्रोमीन कुत्र्यांना विषारी असते, म्हणून कोकोचे लाडू त्यांच्या आवाक्याबाहेर ठेवावेत.

घरगुती खाद्यपदार्थ : अनभाजी पूड कडू व किंचित आंबट असते. खजूर किंवा गूळ तिला चांगला सावरतो. खजूर-शेंगदाण्याच्या लाडवांत वाटीभर बिनबियांच्या खजुराला दोन चमचे पूड पुरते. शेंगदाणे आधी भाजून, पूर्ण गार करून त्यांचे कूट करावे. खजूर मिक्सरमधून काढून त्यात कूट मळावे आणि पूड अगदी शेवटी चाळून घालावी. पूड ओलावा ओढून घेते. लाडू वळताना फुटू लागले तर चमचाभर पातळ तूप पुरते. पाण्याचा हात लावल्यास लाडू टिकत नाहीत. चिक्कीत निब्ज पाकात न उकळता लाटून होताच वरून पसरून लाटण्याने दाबावेत, म्हणजे कुरकुरीतही राहतात. केकमध्ये खाण्याचा सोडा घातल्यास मिश्रण अल्कधर्मी होऊन फ्लॅव्हनॉले घटतात व रंग गडद होतो. बेकिंग पावडरीने हे नुकसान बरेच टळते. केळे व कोको ही आवडती जोडी मात्र फ्लॅव्हनॉले मिळवण्याच्या हेतूला मारक आहे. २०२३ मधील एका प्रयोगात केळ्याच्या स्मूदीतून घेतलेल्या फ्लॅव्हनॉलांचे रक्तातील प्रमाण नुसती गोळी घेतल्याच्या तुलनेत ८४ टक्के कमी आढळले. केळ्यातील पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे विकर त्याला कारणीभूत मानले जाते. दुधाच्या परिणामाबद्दल निष्कर्ष परस्परविरोधी आहेत.

भारतातील लागवड : भारतात कोको १७९८ मध्ये तमिळनाडूतील कुट्रालम (कुर्तालम) येथे आणला गेला, असे सामान्यतः मानले जाते. व्यापारी लागवडीला १९६० नंतर केरळात चालना मिळाली. नारळ-सुपारीच्या बागांतील आंतरपीक म्हणून तो केरळ, कर्नाटक, आंध्र प्रदेश व तमिळनाडू या राज्यांत घेतला जातो. कर्नाटकातील पुत्तूर येथे कॅम्प्को या सहकारी संस्थेचा चॉकलेट कारखाना १९८६ पासून आहे. महाराष्ट्रातील लागवड कोकणातील नारळबागांपुरती व तुरळक आहे.