बोर्डवर 'इंडियन' लिहिलंय म्हणून आत शिरू नका!

नमस्कार मंडळी, व्हिसा हातात आला की आम्हाला येणारा पुढचा फोन ठरलेला असतो, "तिकडे जेवणाचं काय?" ग्रुप टूरमधलं जेवण आम्ही बघतोच, पण मोकळ्या दिवशी, किंवा ज्यांनी आमच्याकडून फक्त तिकीट आणि हॉटेल घेतलंय त्यांना आपलं आपण शोधावं लागतं. त्यांच्यासाठी हे लिहितोय, निघण्याआधी एकदा वाचा आणि मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा.

आधी माझीच फजिती सांगतो. युरोपातल्या एका गजबजलेल्या चौकात दारावर ताजमहालाचा फोटो बघून मी अख्खा ग्रुप आत नेला होता. पनीर बटर मसाला, मिक्स व्हेज, मलई कोफ्ता असं तीन प्रकारचं मागवलं, तीन बाऊल आले आणि तिन्हींत तीच केशरी, गोडसर ग्रेव्ही, फक्त आत पोहणारी वस्तू वेगळी. शेवटी एका काकूंनी पर्समधून लसणाच्या चटणीची डबी काढून टेबलभर फिरवली म्हणून ते जेवण घशाखाली उतरलं. चूक माझीच होती. फिरायच्या ठिकाणाला लागून जे हॉटेल असतं त्याला माहीत असतं की हे गिऱ्हाईक परत येणार नाही, मग तो कशाला जीव ओतून बनवेल.

म्हणून आपली माणसं फिरतात तिथे नाही, राहतात तिथे जायचं. लंडनला साउथहॉल, वेम्ब्ली किंवा युस्टन स्टेशनच्या बाजूची ड्रमंड स्ट्रीट, तिथे शाकाहारी हॉटेलं आहेत. पॅरिसला गार द्यू नॉर स्टेशन आणि ला शापेलच्या आसपास श्रीलंकन तमिळ लोकांची वस्ती आहे, डोसा खायचा तर तिथे जा, आयफेल टॉवरखाली शोधू नका. सिंगापूरला लिटल इंडिया सगळ्यांना माहीत असतंच, तिथलं सेरंगून रोडवरचं कोमला विलास १९४७ पासून चालू आहे. क्वालालंपूरला ब्रिकफील्ड्स, दुबईत करामा आणि बर दुबई, न्यूयॉर्कला जॅक्सन हाइट्स, न्यू जर्सीत ओक ट्री रोड, टोकियोत निशी-कासाई. मेट्रोने अर्धा तास गेला तरी जा, पोटाला बरं वाटेल.

आत गेल्यावर मेनू नीट बघा. ब्रिटनमध्ये कोरमा, मद्रास, विंदालू अशी नावं दिसली तर ती बहुतेक तिखटाची पायरी असते, कोरमा सौम्य, मद्रास तिखट, विंदालू त्याहून तिखट, त्यात मद्रासचं किंवा गोव्याचं काही शोधत बसू नका. ही तिथली जुनी करी हाउसं बरीचशी बांगलादेशातल्या सिल्हेटकडच्या लोकांनी चालवलेली, कांद्याची एकच मोठी ग्रेव्ही उकळून ठेवतात आणि त्यातूनच पुढे सगळं बनतं. वाईट असतं असं नाही, पण तो वेगळाच पदार्थ आहे. २००१ साली ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी भाषणात चिकन टिक्का मसाल्याला ब्रिटनची राष्ट्रीय डिश म्हटलं होतं, तेव्हा तो त्यांचा म्हणूनच खा. जपानमध्ये बरीच 'इंडियन' हॉटेलं नेपाळी लोकांची असतात, नान ताटाबाहेर जाईल एवढा मोठा आणि करी आपल्या जिभेला गोडसर. बांगलादेशी असो, पाकिस्तानी असो, नेपाळी असो, बऱ्याच ठिकाणी हिंदी समजतं, तर सरळ विचारा, "भैया, स्टाफ के लिए आज क्या बना है?" मेनूत नसलेली साधी डाळ आणि भात असाच मिळतो, मला तरी दोन-तीनदा मिळालाय.

रिव्ह्यू बघताना हॉटेलने टाकलेले फोटो सोडा, गिऱ्हाइकांनी काढलेले बघा. आणि एखाद्या गोऱ्या माणसाने "फारच तिखट" म्हणून एक स्टार दिला असेल तर ते हॉटेल लगेच सेव्ह करून ठेवा.

वेळेचं भान ठेवा. युरोपात दुपारचं जेवण संपलं की बरीच किचन बंद होतात ती संध्याकाळीच उघडतात, चार वाजता भूक लागली तर सँडविचवर भागवावं लागतं. काही ठिकाणी रविवारी किंवा सोमवारी सुट्टी असते, म्हणून आधी फोन करा. अगदीच काही जमलं नाही तर गुरुद्वारा शोधा, डोकं झाकून जायचं, लंगर सगळ्यांसाठी असतो आणि तो शाकाहारी असतो. इस्कॉनच्या मंदिरातही बऱ्याच शहरांत चांगलं जेवण मिळतं.

शाकाहारी मंडळींनी थायलंडमध्ये पिवळ्या झेंड्यावरची लाल खूण ओळखून ठेवा, बघायला १७ आकड्यासारखी दिसते. तिला 'जे' म्हणतात, तिथे मांस, मासे, अंडं, दूध, शिवाय कांदा-लसूणसुद्धा नसतं. मात्र कंदमुळं असू शकतात, तेव्हा जैन लोकांनी विचारूनच घ्यावं. तिथे एरवी भाजीत फिश सॉस सहज पडतो आणि "व्हेज" म्हटलं तरी पडतो, म्हणून "नो फिश सॉस" वेगळं सांगा. जपानमध्ये मिसो सूप दिसायला शाकाहारी, पण त्याचं पाणी बहुतेक वेळा माशाचं असतं.

आता बॅग. ठेपले, चिवडा, कोरडी चटणी न्या, पण युरोपियन युनियनमध्ये बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे पेढे, तूप, पनीर घरीच ठेवा. सिंगापूर आणि दुबईला खसखस अजिबात नको, मसाल्यातली किंवा मिठाईवरची पण नको, तिथे ती बंदी असलेल्या वस्तूंत धरतात. ऑस्ट्रेलियाला जाताना खायचं जे काही असेल ते तिथे शिरताना भरायच्या कार्डावर डिक्लेअर करा, लपवलं तर दंड होतो. आणि कृपा करून हॉटेलच्या रूममध्ये फोडणी घालू नका, स्मोक अलार्म वाजतो, सगळी बिल्डिंग खाली येते आणि बिल आपल्यावर. इकडची किटली अमेरिकेत किंवा जपानमध्ये नेऊन उपयोग नाही, तिथे व्होल्टेज आपल्या निम्मं असतं, पाणी कोमट होऊन बसतं.

शेवटचं, विमानातलं जेवण. स्पेशल मील किमान २४ तास आधी सांगावं लागतं, काही एअरलाइन्सना त्याहूनही आधी. 'हिंदू मील' म्हणजे शाकाहारी नाही हो, त्यात चिकन, मटण येऊ शकतं, बीफ मात्र नसतं! शाकाहारींनी 'एशियन व्हेजिटेरियन' आणि जैनांनी 'जैन मील' असं नाव घेऊनच मागा, किंवा बुकिंगच्या दिवशीच आम्हाला सांगा, आम्ही टाकून देतो.